नांदुरा दुपार परिणाम

संपूर्ण माझा म्हणता येईल असा शोध मी आयुष्यात एकदाच लावला, आणि तो एक उन्हाळाही टिकला नाही. त्यानंतर उपग्रहांच्या मदतीने जमिनीवरची जागा कशी शोधायची, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, त्यावर पुस्तकं लिहिली, समित्यांवर बसले. त्या सगळ्याची यादी आमच्या विभागाच्या संकेतस्थळावर आहे, ज्यांना हवी त्यांनी तिथे बघावी. यादी मीच केलेली असल्यामुळे ती व्यवस्थित आहे. तिच्यात नांदुऱ्याचा तो उन्हाळा मात्र नाही, म्हणून तो इथे.

आमचं घर नांदुऱ्यात, स्टेशनपासून फार लांब नव्हतं. पुढच्या खोलीत बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. उन्हाळा तापला की विहिरींचं पाणी खाली जातं, मोटरी कोरड्या ओढतात आणि जळतात. त्यामुळे बाकीच्यांची सुगी संपली की आमची सुरू व्हायची. सायकलच्या कॅरिअरवर बांधून, एसटीच्या टपावर टाकून मोटरी यायच्या, आणि दारात अशा ओळीने बसायच्या की दवाखान्यातले पेशंट वाटावेत. घरभर वार्निशचा वास. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या हातयंत्राची करकर सकाळपासून सुरू, मधूनच मेन लाइनवरून जाणाऱ्या मालगाडीचा लांबलचक खडखडाट, आणि तो चालू असेपर्यंत बाबा वेढे मोजायचे थांबत. गाडी गेली की जिथे सोडलं तिथून पुढे. माझ्यात जी काही शिस्त आहे ती तिथून आली असं मी भाषणांत सांगते. आई म्हणते, शिस्त नाही, हट्ट आला.

गच्ची मात्र आईची होती. आमच्याकडे तिला स्लॅब म्हणतात. होळी झाली की स्लॅबवर जुनी लुगडी आणि प्लास्टिक अंथरलं जायचं, ते मृग लागेपर्यंत उचललं जायचं नाही. कुरडया, पापड, मुंगवड्या, सरगुंडे, लाल मिरच्या. शेजारच्या शमीमखालाची स्लॅब आमच्या स्लॅबला लागूनच, मधे गुडघाभर कठडा. खालाकडे शेवयांचं यंत्र होतं आणि आईकडे कुरडयांचा सोऱ्या, त्यामुळे दोघींचा उन्हाळा कठड्यावरून इकडून तिकडे जात असे. कोणत्या कुरडया कोणाच्या, हे फक्त त्या दोघींना आणि कावळ्यांना ठाऊक.

त्या वर्षी मी पुण्याला पीएचडी करत होते. करत होते म्हणजे नाव नोंदवलं होतं. जिल्ह्यातल्या एका कॉलेजातली, पक्की होत आलेली नोकरी मी त्यासाठी सोडली होती. बाबा त्यावर एवढंच म्हणाले होते, "सोडली तं सोडली. तिथं काय सोन्याचा धूर निघून राह्यला होता." पण पहिल्या वर्षात माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं. आढावा समितीने स्पष्ट सांगितलं होतं की जूनमध्ये काहीतरी नवं घेऊन या, नाहीतर नोंदणी रद्द. नोकरी गेलेली, आणि आता पीएचडीही जाणार, अशी ती अवस्था होती. मी समितीसमोर मान डोलावली आणि बाहेर येऊन, काय काय नवं सापडू शकेल, याची यादी केली. यादी करून काही सापडत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. अजूनही कधीकधी येत नाही.

माझे मार्गदर्शक लिमये सर. त्यांचा एक प्रकल्प होता. उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत येतो तो आयनोस्फिअर नावाच्या, खूप उंचावरच्या विद्युतभारित थरातून. तिथे तो जरासा रेंगाळतो, कधी थरथरतो. हे रेंगाळणं नीट समजलं नाही तर यंत्र तुम्हाला तुमच्या घराऐवजी शेजाऱ्याच्या न्हाणीत उभं करतं. सरांना एक यंत्र उन्हाळाभर अशा ठिकाणी चालू ठेवायचं होतं जिथे उंच इमारती नाहीत आणि आकाश मोकळं आहे. नांदुरा मी सुचवलं. का, ते मुद्देसूद लिहूनही दिलं. घरचा आमरस खायला मिळेल, हा मुद्दा फक्त त्यात नव्हता.

यंत्र आलं. एक पेटी, एक जुना संगणक, आणि अँटेना. अँटेना म्हणजे पांढरी उपडी वाटी, तिच्याखाली ताटाएवढी धातूची चकती. बाबांनी तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केला, पाइपावर अँटेना बसवली, आणि केबल जिन्यातून खाली मधल्या खोलीत आणली. वीज जायची म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. त्यांनी ते सगळं एका सकाळीत केलं आणि परत मोटरींकडे वळले.

"काय करते वो हे?" आईने विचारलं.

"उपग्रहाचं ऐकते. चोवीस तास."

"झोपत नाही?"

"नाही."

"बिचारी," आई म्हणाली.

हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. मी जिन्याच्या भिंतीवर नियम लावण्यात गुंतले होते. मोठ्या अक्षरात लिहिले होते: अँटेनाला हात लावू नये. अँटेना हलवू नये. अँटेनाजवळ उभे राहू नये. अँटेनावर कपडे वाळत घालू नयेत. आईने ते चष्मा लावून वाचले. वाळवण अँटेनापासून चार हात सरकवलं, शमीमखालालाही कठड्यावरून सांगितलं, "खाला, त्याले हात लावू नका, आमच्या नंदाची पीएचडी हाय त्याच्यावर." खाला म्हणाली, "तौबा, मैं काहे को लगाऊँ."

काही दिवस काहीच झालं नाही. मग ऊन वाढलं, रस्त्यावरचं डांबर चिकट झालं, आणि एके दुपारी जेवून मी संगणकासमोर बसले असताना पडद्यावरचे पट्टे खाली आले. प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाचा जोर दाखवणारा एकेक पट्टा असतो. आठ-नऊ पट्टे होते. सगळे एकदम बसले. मी केबल तपासली, बॅटरी तपासली. पट्टे तसेच. मग हळूहळू, अगदी सावकाश, ते वर यायला लागले आणि बाबांचा दुपारचा चहा होईपर्यंत पूर्ववत झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दुपारी एकदम बसणं आणि मग सावकाश सावरणं. मी आलेख काढला. इतका देखणा आलेख मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही नाही.

मला वाटलं, सापडलं.

आज माझा एखादा विद्यार्थी असा आलेख घेऊन आला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही. वेगवेगळ्या दिशांचे सगळे उपग्रह जर एकाच क्षणी, एकाच प्रमाणात मंदावत असतील तर दोष आकाशात नसतो, अँटेनापाशी असतो. हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कळतं. शिवाय आपल्याकडे आयनोस्फिअरची खरी धिंगाणेबाजी सूर्य मावळल्यावर होते, भर दुपारी नाही. हेही मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण जूनमध्ये समिती होती. ज्याला जूनमध्ये समिती असते त्याला मे महिन्यात शोध लागतोच.

मी त्याला नाव दिलं. नांदुरा दुपार परिणाम. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारी हवा, पूर्णेचं खोरं, उत्तरेला सातपुडा, या सगळ्यांची मोट बांधून मी एक उपपत्तीही तयार केली. मग त्यात बारकावे दिसू लागले. सोमवारी हा परिणाम लवकर यायचा. रविवारी उशिरा. मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट आठवड्याचा ताल सापडला म्हणून मी तो वेगळ्या रंगात दाखवला. आईचा सोमवारी उपास असतो, त्या दिवशी स्वयंपाक कमी आणि ओटा लवकर आवरतो. रविवारी बाबा निवांत जेवतात आणि ओटा उशिरा आवरतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते घरातलं होतं, आणि मी विज्ञान करत होते.

मधे एक दिवस परिणाम आलाच नाही. त्या दिवशी आई संग्रामपूरला मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला गेली होती. मी नोंद केली, 'आकाशात धूळ, परिणाम अनुपस्थित.' धूळ होती, हे खरं आहे. नांदुऱ्यात मे महिन्यात धूळ कधी नसते, ते मात्र मी तपासलं नाही.

सरांना फोन केला. सर फोनवर कमी बोलत.

"रोज?" ते म्हणाले.

"रोज, सर. दुपारी."

"ठरावीक वेळी?"

"थोडी पुढेमागे. पण त्यालाही आठवड्याचा ताल आहे."

मग ते म्हणाले, "आठवड्याचा? आयनोस्फिअरला सोमवार कसा कळतो, सुनंदा?"

मी म्हणाले की तेच तर संशोधनाचं आव्हान आहे. हे वाक्य मला अजून आंघोळ करताना अचानक आठवतं आणि मी नळ मोठा करते.

सरांनी यायचं ठरवलं. समितीसमोर काही मांडण्याआधी मी स्वतः बघतो, म्हणाले. ते येणार म्हटल्यावर घरात जी धावपळ झाली तिचं वर्णन करायला बसले तर हे प्रकरण संपणार नाही. आईने पितळी भांडी चिंचेने घासली. बाबांनी दारातल्या मोटरी एका बाजूला लावल्या, म्हणजे त्याच मोटरी जरा सरळ रेषेत. आईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "पुण्याचे लोक तिखट खातात का वो?"

"कमी."

"मंग काय खातात? जगतात कसे?"

सर सकाळच्या गाडीने आले. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला रुमाल, आणि उन्हाने आधीच लाल झालेला. आईने त्यांना उंबऱ्याबाहेरच पायावर पाणी दिलं आणि गुळाचा खडा पुढे केला. पाटावर बसवून आमरस, पोळी, कुरडया, वांग्याचं भरीत, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम फिका केलेला ठेचा वाढला. फिक्या ठेच्याने सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, "अजून जराक घ्या, हा लेकराईसाठी करतात." सरांनी घेतला. सर चांगले होते.

जेवण लांबलं. आईने आग्रह करकरून वाढलं, सरांनी आमरसाची दुसरी वाटी घेतली, मग बाबांनी तिसरी घ्यायला लावली. माझं सगळं लक्ष मधल्या खोलीकडे होतं. परिणामाची वेळ झाली. आम्ही संगणकासमोर बसलो. पट्टे ताठ उभे होते.

"येईल," मी म्हणाले.

पट्टे ताठच. सरांनी घड्याळ पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. बाहेर बाबांच्या यंत्राची करकर सुरू झाली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, आज भांडी जास्त होती. मी आठवड्याच्या तालाबद्दल पुन्हा बोलायला लागले, आणि माझा आवाज मला कुठूनतरी लांबून ऐकू येत होता. मनात मी बाबांच्या दुकानात बसले होते आणि वेढे मोजत होते. ते काम मला येत होतं. निदान ते येत होतं.

भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पट्टे बसले. सगळे, एकदम.

"पाहा सर," मी म्हणाले. खुर्चीवरून जवळजवळ उठलेच.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "वर जायचा जिना कुठे आहे?"

त्यांच्यामागून मी जिना चढले. माझ्या नियमांच्या कागदाजवळ ते क्षणभर थांबले, वाचलं, आणि पुढे गेले. वर ऊन असं होतं की आधी काही दिसेना. मग दिसलं. आई डोक्यावर पदर घेऊन अँटेनाजवळ उभी होती. अँटेनावर जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं होतं, पाण्याने निथळणारं, आणि आई त्याच्या कडा हलक्या हाताने नीट करत होती. तापलेल्या पोराच्या कपाळावर करतात तसं.

ओलं फडकं संदेश अडवतं. ऊन फडकं वाळवतं. फडकं वाळलं की संदेश येतो. माझा देखणा आलेख म्हणजे चौपदरी लुगडं नांदुऱ्याच्या उन्हात कसं वाळतं, त्याचा आलेख होता.

"आई, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? थंडं करून राह्यली तिले. ऊन वाढलं तं एक दिवस मिरच्या उलथाले आली न हाताले चटका बसला. चोवीस तास जागी राह्यते म्हणते तू, एवढ्या उन्हात. फुटली बिटली असती तं?"

"मी खाली लिहून लावलंय, हात लावू नका म्हणून."

"हात कुठं लावला? फडकं लावलं."

"कपडे वाळत घालू नयेत, असंही लिहिलंय."

"मी वाळत नाही घातलं." आई आता सरांकडे वळून बोलत होती, न्यायाधीशाकडे वळावं तशी. "तुमीच सांगा सर, ओलं फडकं टाकू नये असं लिहेल हाय का कुठं?"

"नाही," सर म्हणाले. "मी आत्ताच वाचून आलो. नाही लिहिलेलं."

कठड्यापलीकडे शमीमखाला मिरच्या उलथत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"खाला, तुम्ही रोज पाहत होतात?"

"रोज देखती ना. इसी टाइम को. बरतन हो गए कि आती तेरी माँ, सूखा कि उतार ले जाती."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"तूने पूछा कब?" खाला म्हणाली. "तू तो ऊपर आकर बस आसमान देखके जाती थी."

सर कठड्यावर बसले. कठडा तापलेला होता, ते लगेच उठले. मला वाटलं आता ते गाडीची वेळ विचारतील. त्यांनी आईला विचारलं, "ताई, असंच फडकं, पण दुपदरी करून टाकता येईल? आणि मग एकपदरी?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते न. पाणी आणतो."

ती सगळी दुपार आम्ही फडकी वाळवली. आई वर बादली घेऊन, सर मधल्या खोलीत पडद्यासमोर, आणि मी जिन्यात मधे उभी राहून निरोप पोचवत होते. "टाकलं का?" "टाकलं." "आता पिळून टाका म्हणावं." "पिळलेलं कोणतं, जाड का पातळ?" खालाने तिच्याकडचं एक जाड तरट आणून दिलं आणि कठडा ओलांडून आमच्याच स्लॅबवर बसली. बाबा एकदा वर येऊन पाहून गेले. "काय चाललं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, प्रयोग. ते म्हणाले, "मले वाटलं धुणं."

संध्याकाळी सर निघाले. स्टेशनवर गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "सर, समितीला काय सांगू?"

"जे झालं ते."

"हसतील."

"हसतील," सर म्हणाले. "पण अँटेनावर पाणी साचलं की काय होतं, हे त्यांच्यापैकी कोणी मोजलेलं नाही. तू आज मोजलंस. पावसाळ्यात देशभरातल्या अँटेना भिजतात." मग ते म्हणाले, "सातपुडा मात्र काढून टाक."

जूनमध्ये मी समितीसमोर उभी राहिले. नांदुरा दुपार परिणाम कसा सापडला आणि कसा गेला, ते क्रमाने सांगितलं. सोमवारचा रंगीत आलेखही दाखवला, कारण तो लपवला असता तर बाकीचं खोटं वाटलं असतं. सोमवारच्या उपासापाशी पहिले सदस्य हसले, लग्नापाशी दुसरे, आणि पडद्यावर सरांनी काढलेला फोटो आला, फडकं घातलेली अँटेना आणि शेजारी पदर सावरणारी आई, तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी टेबलाची कड धरून उभी होते. मग प्रश्न सुरू झाले. फडक्यात पाणी किती होतं, कापडाची जाडी कशी मोजली, वाळण्याचा वेग वाऱ्यावर किती अवलंबून. हे प्रश्न हसण्यासारखे नव्हते. मला बाहेर थांबायला सांगितलं. परत बोलावून त्यांनी सांगितलं की नोंदणी चालू राहील, विषय बदलून घ्यावा. अँटेनावरचं आणि अँटेनाजवळचं पाणी हा माझा विषय झाला आणि पुढची वर्षं त्यातच गेली. आकाशाकडे बघण्यासाठी निघालेली मी पुढे आयुष्यभर गच्च्यांवर काय पडलंय ते बघत राहिले.

त्या संध्याकाळी पुण्यातून घरी फोन लावला. आईनेच उचलला.

"पास झाली का वो?"

"हो. राहिली नोंदणी."

"बाबाले सांगतो." ती वळून मोठ्याने म्हणाली, "अवो, राह्यली!" मागे यंत्राची करकर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग आईचा आवाज खाली आला. "फडक्याचं तं सांगतलं नाही ना त्याईले?"

"सांगितलं. फोटोही दाखवला."

आईने बाबांना यंत्र थांबवायला लावलं.

"कोणता फोटो?"

"सरांनी काढला होता तो. तू, अँटेना आणि फडकं."

"ते लुगड्याचं? कडेले फाटेल होतं ते?"

"तेच."

"अवं माय," आई म्हणाली, "पुण्याच्या लोकाईले फाटकं फडकं दाखवलं तू. मले बोलली असती तं मी नवं टाकलं असतं न."